मोडलेलं उचलणारी गाडी : स्कॅमेल पायोनियर आणि तिचं खोललेलं इंजिन

आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की इतिहासाच्या मालिकेत हे गॅरेज कुठून घुसलं? रास्त प्रश्न आहे. पण पुढच्या अर्ध्या तासात मी तुम्हाला गॅरेजमध्येच नेणार आहे, तेव्हा कपड्यांना थोडं ऑइल लागणार, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण वाचतो तेव्हा त्यात रणगाडे असतात, विमानं असतात, तोफा असतात. म्हणजे मोडणारी आणि मोडून टाकणारी यंत्रं. पण जे मोडलं त्याचं पुढे काय झालं? वाळवंटात एखादा रणगाडा सुरुंगावर जाऊन त्याची पट्टी तुटली, आतली माणसं उतरून पळाली, तर तो पंचवीस टनांचा लोखंडी ढीग तसाच पडून राहायचा का? नाही. रात्री कुणीतरी तिथे जायचं, त्याला दोर बांधायचा आणि ओढून आणायचा. ज्या गाड्यांनी हे काम केलं, त्यांतली एक म्हणजे ब्रिटिश सैन्याची स्कॅमेल पायोनियर. मॉडेलचं नाव एसव्ही-२एस. मागे क्रेन, पोटात विंच आणि पुढे गार्डनर कंपनीचं डिझेल इंजिन.

आधी युद्धाचं सांगतो, मग इंजिनाकडे वळू.

नोव्हेंबर १९४१ मध्ये लिबियात ‘क्रुसेडर’ मोहीम झाली. सिदी रेझेघच्या आसपास रणगाड्यांच्या मोठ्या लढाया झाल्या. ब्रिटिश रणगाडे दिवसभर लढायचे आणि अंधार पडला की मागे जाऊन एकत्र मुक्काम करायचे. जर्मन मात्र जमेल तिथे मैदानातच थांबायचे. याचा परिणाम काय? रात्री मैदान ज्याच्या ताब्यात, मोडके रणगाडे त्याचे. स्वतःचे तर ते दुरुस्त करायचेच, कधी शत्रूचेही उचलून न्यायचे. म्हणजे सकाळी मोजणीला उभे राहणारे रणगाडे किती, हे नुसत्या गोळीबारावर ठरत नव्हतं. रात्री ओढून काय आणलं, यावरही ठरत होतं. हा धडा ब्रिटिशांना महागात पडला, पण ते शिकले. त्याआधी सैन्यातली दुरुस्ती प्रामुख्याने शस्त्रभांडाराच्या विभागाकडे होती आणि कुशल कारागीर वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरलेले होते. विल्यम बेव्हरिज यांच्या समितीने सैन्यातल्या कुशल मनुष्यबळाचा विचार केला. हो, हे तेच बेव्हरिज, ज्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या अहवालासाठी आपण त्यांना ओळखतो. आणि १ ऑक्टोबर १९४२ ला दुरुस्तीचं स्वतंत्र दल उभं राहिलं : रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनियर्स. तीनच आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला, अल-अलामीनची लढाई सुरू झाली. भारतीय सैन्यात याच धर्तीचं दल १९४३ मध्ये आलं, आज आपण त्याला ईएमई म्हणतो.

आता गाडी बघू. पायोनियर मुळात सैन्याची नव्हेच. १९२७ मध्ये वॉटफर्डच्या स्कॅमेल कंपनीत ऑलिव्हर नॉर्थ नावाच्या इंजिनियरने ती आखली, ती रस्ता नसलेल्या मुलखात, तेलाच्या खाणींकडे वगैरे जड सामान नेण्यासाठी. सहा चाकं, त्यांतली मागची चार जोर लावणारी. गंमत मागच्या चाकांत आहे. प्रत्येक बाजूला एक लांब पेटी, मध्यभागी सांध्यावर टेकलेली, तिच्या दोन टोकांना दोन चाकं. लहान मुलांचा सी-सॉ असतो ना, तसं. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली जातं, पण दोन्ही जमिनीला धरून राहतात. पेटीच्या आतून दंतचक्रांची माळ दोन्ही चाकांना जोर पोचवते. त्यामुळे पुढच्या चाकांना जोर नसूनही ही गाडी अशा जागी जायची की बघणाऱ्याला खरं वाटू नये.

मागची क्रेन, म्हणजे आपल्या जुन्या मराठीत यारी, हर्बर्ट मॉरिस कंपनीची. तिची भुजा आत-बाहेर सरकवता यायची. भुजा आखूड असताना साधारण तीन टन उचलायची, बाहेर काढली की कमी. आणि वजन उचलायचं ते हाताने साखळी-चक्रं फिरवून. आज आपल्याला हसू येतं, पण हाताने उचललेलं वजन इंचाइंचाने खाली-वर करता येतं आणि इंजिन अडलं तरी ते काम अडत नाही. ओढण्यासाठी वेगळा विंच होता, आठ टनांचा, तो इंजिनावर चालायचा. शिवाय पुढच्या बंपरवर वजनं टांगायची सोय होती. का? मागे जड गाडी उचलून टांगली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. हे ज्याने लिहून ठेवलं असेल, त्याने तो अनुभव नक्की घेतला असणार.

१९३८ ते १९४५ या काळात अशा सुमारे दीड हजार गाड्या बनल्या. काही १९४० मध्ये फ्रान्समध्ये सोडून याव्या लागल्या आणि जर्मनांनी त्या आनंदाने वापरल्या. युद्ध संपल्यावर बऱ्याच गाड्या लिलावात गेल्या. गॅरेजवाल्यांनी घेतल्या, पिवळा-लाल रंग फासला आणि महामार्गावरचे ट्रक ओढायला लावल्या. पुढे त्याही म्हाताऱ्या झाल्या. आणि मग एक विचित्र गोष्ट घडत गेली. गाडी भंगारात, पण इंजिन नाही! गार्डनरचं इंजिन इतकं नावाजलेलं की कुणी ते काढून बोटीत बसवायचं, कुणी दुसऱ्या ट्रकमध्ये. म्हणून आज एखादा हौशी माणूस अशी गाडी जतन करायला घेतो, तेव्हा कित्येकदा सांगाडा एकीकडे मिळतो आणि इंजिन दुसरीकडे, तेही सुटं करून खोक्यांत भरलेलं.

हे इंजिन म्हणजे गार्डनर ६एलडब्ल्यू. कंपनी मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टची. लॉरेन्स गार्डनर यांनी १८६८ मध्ये सुरुवात केली ती शिलाई मशिनांच्या धंद्यात. मला हा तपशील फार आवडतो, कारण या इंजिनातलं बारीक काम बघताना शिलाई मशीनच आठवतं. एलडब्ल्यू मालिका आली १९३१ मध्ये. सहा सिलेंडर, सव्वाचार इंच बोअर, सहा इंच स्ट्रोक, एकूण ८.४ लिटर आणि ताकद? १०२ अश्वशक्ती, मिनिटाला १७०० फेऱ्यांना. आजची सव्वा लिटरची घरगुती मोटार जवळपास तेवढी ताकद देते. पण ती मोटार रणगाडा ओढून दाखवू दे! इथे प्रश्न अश्वशक्तीचा नाहीच, संथ गतीला मिळणाऱ्या रेट्याचा आहे. क्रँककेस ॲल्युमिनियमचा, वजन कमी ठेवण्यासाठी. सिलेंडरचे ब्लॉक तीन-तीनचे दोन. आणि डिकॉम्प्रेशनचे लिव्हर, म्हणजे ते उचलले की सिलेंडरमधली दाबाची हवा सुटते, हँडल मारून इंजिन फिरवता येतं, मग लिव्हर सोडायचे. कडाक्याच्या थंडीतही हीटरशिवाय सुरू होण्याबद्दल या इंजिनाची ख्याती होती.

आता खोकी उघडू या.

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. एका उन्हाळ्यात मिस्त्रीने ते खोललं, सगळे नट-बोल्ट एका घमेल्यात टाकले आणि ‘येतो उद्या’ म्हणून गेला तो लग्नसराई संपल्यावर आला. तोवर आम्ही पोरांनी त्या घमेल्यातले वॉशर घेऊन खेळ मांडला होता. इंजिन जुळलं, पण पुन्हा कधी पहिल्यासारखं चाललं नाही. वडील मिस्त्रीला शिव्या घालत. खरं तर अर्धा दोष आमचा होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सांगायचं काय, तर खोललेलं इंजिन हे नुसतं सुट्या भागांचं गाठोडं नसतं. प्रत्येक भाग आपल्या शेजाऱ्याबरोबर झिजलेला असतो. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडची टोपी तिसऱ्याच रॉडवर बसली पाहिजे आणि त्याच दिशेने. मेन बेअरिंगच्या टोप्यांचंही तेच. म्हणून जुने फिटर आकडे ठोकून ठेवत. डिझेलच्या पंपात तर प्लंजर आणि त्याची नळी एकमेकांवर घासून अशी जमवलेली असते की दुसरीकडचा प्लंजर चालतच नाही. दोन जोड्या मिसळल्या की दोन्ही वाया.

मग काम सुरू होतं ते साफसफाईने नव्हे, ओळखपरेडीने. सगळे भाग टेबलावर मांडायचे, आकडे वाचायचे, फोटो काढायचे. मग मोजमाप. क्रँकची जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजायची. दोन आकड्यांत फरक आला तर ती अंडाकृती झिजली. मूळ मापापेक्षा सगळीकडे सारखीच कमी भरली तर? तर पूर्वी कुणीतरी ती ग्राइंड केलेली आहे. थांबा, हीच जागा मला महत्त्वाची वाटते. ती ग्राइंड केलेली जर्नल म्हणजे कागदपत्र आहे. या इंजिनाने एकदा मार खाल्ला, कुणीतरी ते एका वर्कशॉपमध्ये उघडलं, यंत्रावर चढवलं, नवीन बेअरिंग बसवलं, असं ते धातू सांगतं. त्या माणसाचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. त्याची सही इथे आहे, इंचाच्या काही हजाराव्या भागांत.

अडचणी काय येतात? पहिली, ॲल्युमिनियममध्ये बसलेले पोलादी स्टड. पाणी गेलं की दोन धातूंमध्ये पांढरी बुकटी धरते आणि स्टड असा जाम होतो की पाना लावून जोर केला तर तो तुटतो किंवा आटे घेऊन बाहेर येतो. तिथे उपाय एकच : ऊब द्यायची, तेल सोडायचं आणि घरी जायचं. उद्या परत तेच. दुसरी, अडकलेले पिस्टन. वर्षानुवर्षं पाऊस पडलेला असतो, रिंगा गंजून लायनरला चिकटलेल्या. घाई करून हातोडा घातला की पिस्टन गेलाच. आमच्याकडचे जुने मिस्त्री म्हणायचे, गंजाला घाई आवडत नाही. त्यांच्याकडे नवीन सुटे भाग मागवायला पैसेच नसत, म्हणून हा संयम आला असावा.

आता वादाचा मुद्दा. जतन करताना कुठे थांबायचं? एक मत असं की गाडी कारखान्यातून निघाली तशी चकचकीत करा. म्हणजे सगळा रंग खरवडा, खोचा भरा, नवा हिरवा रंग मारा. मला हे पटत नाही. रंगाचे थर हळूहळू घासत गेलं तर बाहेरचा गॅरेजचा पिवळा, त्याखाली सैन्याचा एक रंग, त्याखाली कदाचित दुसरा, कधी एखाद्या तुकडीच्या खुणेचा कोपरा सापडतो. हे सगळं सँडब्लास्टिंगने एका दुपारी उडून जातं. गॅरेजमधली वीस-तीस वर्षंही त्या गाडीचंच आयुष्य आहे ना? निदान एका दरवाजावर थर तसेच ठेवा, बाकी तुमची मर्जी.

पण दुसऱ्या टोकाचं, म्हणजे काहीच बदलू नका, हेही मला मान्य नाही. विशेषतः क्रेनच्या बाबतीत. जुना तारेचा दोर ऐतिहासिक आहे म्हणून त्यावर वजन टांगायचं नसतं. तार आतून गंजते, वरून दिसत नाही. ब्रिटनमध्ये कामावर वापरायच्या उचलणाऱ्या साधनांसाठी १९९८ चे कडक नियम आहेत, तपासणी लागते. त्यामुळे अनेक जतन केलेल्या क्रेन इंजिन चालू असूनही हुकावर काही घेत नाहीत. माझं मत विचाराल तर जुना दोर गुंडाळून लेबल लावून जपावा, नवा चढवावा, तपासून घ्यावा आणि वर्षातून एकदा तरी त्या हुकाला काहीतरी उचलू द्यावं. कारण हाताने चक्र फिरवताना तीन टन म्हणजे काय, हे खांद्याला कळतं, तक्त्यावर वाचून कळत नाही.

आपल्याकडचे लोक अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, रणगाड्यांचं संग्रहालय बघायला आवर्जून जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीत मिळवलेले व्हिक्टोरिया क्रॉस आपल्याला ठाऊक आहेत आणि असलेच पाहिजेत. पण त्याच युद्धात वर्कशॉपमध्ये काम केलेल्या फिटर, वेल्डर, ड्रायव्हर मंडळींचं आपल्याकडे फारसं काही लिहिलेलं नाही. त्यांतले कितीतरी युद्धानंतर घरी येऊन एसटीच्या डेपोत, गिरणीत, कुणाच्या लेथवर लागले असतील.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरी कुणाच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी तळ बघा. पानं, मायक्रोमीटर, ट्रेड टेस्टचा कागद, हाताने काढलेलं एखाद्या गिअरचं चित्र, असं काही निघालं तर पुसून चकाकवू नका. आहे तसं फोटो काढा आणि मला दाखवा. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.