साथ, एसटी आणि आडवाटेचा रुग्ण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याच्या स्वारगेटहून एक रस्ता साताऱ्याकडे जातो आणि दुसरा सोलापूरकडे. सातारा रस्त्याने भोर-वेल्ह्याच्या एसटी गाड्या सुटतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणतात. तिथल्या डोंगरांत महादेव कोळ्यांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. सोलापूर रस्त्याला हडपसर लागते आणि त्याच वाटेने पुढे बार्शीला जाता येते. साथीच्या काळात उपचार कोणाच्या वाट्याला येतात, या प्रश्नाचा इतिहास या दोन रस्त्यांवर वाचता येतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. रँडसाहेबाचा कारभार, गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच दिवसांतील दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पुण्यात सरकारी व्यवस्थेबरोबरच हिंदू, मुसलमान, पारशी अशी समाजवार प्लेगची रुग्णालये उभी राहिली. ज्या समाजाजवळ पैसा आणि पुढारी होते, त्याची सोय झाली. गावकुसाबाहेरच्या माणसाने जायचे कुठे?

सावित्रीबाई फुले यांनी त्याचे उत्तर दिले. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत लष्करी सेवेत होते. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या घटनेकडे आपण त्यागाची कथा म्हणून पाहतो, पण तिच्यात व्यवस्थेचाही एक धडा आहे. दवाखाना वस्तीच्या जवळ हवा, आणि रुग्णाला तिथवर आणणारे माणूस हवे. दोहोंपैकी एक जरी नसले तरी खाट रिकामी राहते आणि रुग्ण घरीच मरतो.

कर्करोगाच्या बाबतीत हा धडा अधिकच लागू पडतो. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने ‘कॅन्सर म्हणजे मुंबई’ असे समीकरण होते. बार्शीने ते काही अंशी बदलले. तिथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातील ही अशी पहिलीच. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट आणि १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. तपासणी गावापर्यंत गेली, तर खेड्यातली बाई ती करून घेते, हे यातून दिसले.

मग २०२० साल आले. ९ मार्चला राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. १८९७ चा तोच कायदा पुन्हा लागू झाला. मार्चअखेर एसटीची चाके थांबली. जिल्ह्याबाहेरची वाहतूक सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. टाटासारख्या रुग्णालयांनी उपचार चालू ठेवले, पण रुग्ण पोहोचेना. देशातील ४१ कर्करोग केंद्रांची पाहणी पुढे प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०१९ या काळात तिथे १ लाख १२ हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ते ५२ हजारांच्याही आत आले. मोठ्या शहरांत घट अधिक होती. रोग काही कमी झाला नव्हता.

या सरासरीत वेल्ह्याच्या एखाद्या वाडीचा हिशेब बुडून जातो. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे घ्यावे लागतात. मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. शहरातला रुग्ण पास काढून स्वतःच्या गाडीने गेला. वाडीवरच्या बाईला आधी रस्त्यापर्यंत चालायचे, मग गाडी नाही, बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडणार आणि शहरात राहायला जागा नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्राने जाहीर केले. सोय चांगली, पण डोंगरात आधी रेंज हवी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ त्या वर्षी राज्यातील सर्वांना खुला झाला, हेही चांगलेच. पण वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर सहा-सहा महिने काढणाऱ्या कातकरी कुटुंबाजवळ कागदपत्रे असतीलच असे नाही.

सर्वांना एकच दार उघडे ठेवले म्हणजे समान न्याय झाला, असे आपण मानतो. दारापर्यंतचे अंतर मात्र सर्वांना सारखे नसते. कर्करोगाच्या रुग्णाला एसटीच्या भाड्यात सवलत आहे. गाडीच बंद असेल तर तिचा उपयोग काय? म्हणून पुढच्या साथीची तयारी करताना काही साध्या गोष्टी आधीच ठरवून ठेवायला हव्यात. उपचार चालू असलेल्या रुग्णांची गाववार यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. त्यांच्यासाठी टाळेबंदीतही एक गाडी सोडावी. जिथे शक्य आहे तिथे केमोथेरपी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी द्यावी. रुग्णाबरोबर येणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी. आणि या सगळ्याची खबर वाडीवर पोहोचवणाऱ्या आशाताईला तिच्या कामाचा पुरेसा मोबदला मिळावा.

मुंढव्याहून ससाण्यांच्या मळ्यापर्यंत एका मुलाला सहासष्ट वर्षांच्या एका बाईने पाठीवरून नेले. ते काम आता एसटीने करायचे आहे.