लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेची पुनर्रचना (१९४४)

अमेरिकेच्या मॅनहॅटन प्रकल्पातील अण्वस्त्र-संशोधनाच्या संघटनेत झालेला निर्णायक बदल. गोपनीयतेसाठी प्रत्येकास केवळ त्याच्या कामापुरती माहिती द्यावी, असे जनरल लेस्ली ग्रोव्ह्‌ज यांचे धोरण होते. तथापि संचालक जे. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी शास्त्रज्ञांच्या खुल्या साप्ताहिक चर्चा चालू ठेवल्या. अणुभट्टीतील प्लुटोनियम तोफपद्धतीच्या बाँबसाठी निरुपयोगी असल्याचे १९४४ च्या उन्हाळ्यात स्पष्ट झाले. तेव्हा स्फोटकांनी प्लुटोनियमचा गोळा चोहोंकडून दाबण्याच्या तंत्रासाठी प्रायोगिक भौतिकी व शस्त्रास्त्र विभागांतील गटांची ऑगस्टमध्ये नव्याने जुळणी करण्यात आली. नव्या दोन विभागांपैकी बाँबच्या भौतिकीचा विभाग रॉबर्ट बाकर यांच्याकडे, तर स्फोटकांचा जॉर्ज किस्टियाकॉव्हस्की यांच्याकडे आला. १६ जुलै १९४५ रोजी चाचणी यशस्वी झाली. मात्र अस्त्राच्या वापराचा निर्णय प्रयोगशाळेच्या हाती नव्हता. ९ ऑगस्ट रोजी याच पद्धतीच्या बाँबने नागासाकी उद्ध्वस्त झाले.