ज्येष्ठांचा एकट्याने प्रवास : मुक्काम चिखली

पूर्वी काशीयात्रेस निघालेल्या वृद्धाला निरोप देण्यासाठी सारे गाव वेशीपर्यंत येत असे. परतीची शाश्वती नसे, म्हणून घरदार, देणेघेणे आधीच निकालात काढले जाई. आज रस्ते, वाहने आणि दूरध्वनी यांमुळे ती धास्ती उरलेली नाही. तरीही सत्तरीतील व्यक्तीने "मी एकट्याने आठ दिवस बाहेरगावी राहून येतो" असे म्हटले की घरात चिंतेचे वातावरण पसरते. जोडीदार निवर्तलेला, मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी, प्रकृती बरी आणि हाती निवृत्तिवेतन, अशी परिस्थिती असणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढत आहे. सहल कंपन्यांची धावपळ त्यांना झेपत नाही. एका गावी मुक्काम ठोकून, आपल्या चालीने आसपासचा परिसर पाहणे हा त्यांच्यासाठी उत्तम मार्ग होय. बुलडाणा जिल्ह्यातील चिखली हे अशा मुक्कामास सोयीचे गाव आहे.

चिखलीच का?

चिखली हे विदर्भाच्या पश्चिम टोकाचे तालुक्याचे ठिकाण. येथे नगरपरिषद, एस.टी.चे आगार, महाविद्यालये, दवाखाने आणि औषधांची दुकाने आहेत. खामगाव-जालना आणि बुलडाणा-मेहकर हे रस्ते येथे मिळत असल्याने जिल्ह्यातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळी सकाळी जाऊन सायंकाळपर्यंत परतता येते. बुलडाणा तर सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मोठ्या शहरातील रहदारी येथे नाही; मात्र रात्री-अपरात्री लागणाऱ्या सोयी अगदीच नाहीत असेही नाही.

पोहोचावे कसे?

चिखलीस रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी अनेक दशकांची आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर किंवा शेगाव येथे, अथवा मराठवाड्याकडून येताना जालन्यास उतरून पुढे बस घ्यावी. स्थानकावर दिवसा उतरता येईल अशीच गाडी निवडणे शहाणपणाचे.

ज्येष्ठांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. मात्र खालच्या बर्थचा कोटा अद्याप आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया एकट्याने वा दोघांनी प्रवास करीत असतील तर त्यांना त्याचा लाभ घेता येतो. मोठ्या कुटुंबाच्या एकत्रित तिकिटावर तो मिळत नाही. एकट्याने निघण्याचा हा एक अनपेक्षित फायदा म्हणावा लागेल.

एस.टी.त ६५ ते ७५ वर्षे वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास, तर सर्व वयाच्या स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. वयाच्या पुराव्यासाठी मूळ आधार कार्ड जवळ असावे.

खोलीचा प्रश्न

एकट्या ज्येष्ठापुढील खरी अडचण प्रवासाची नसून मुक्कामाची आहे. अनेक लॉज आणि धर्मशाळा एकट्या व्यक्तीस खोली देण्यास तयार नसतात. रात्री काही बरेवाईट झाल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही व्यवस्थापकाची भीती असते. ती अगदीच निराधार नाही. परंतु उभी हयात सन्मानाने घालविलेल्या माणसाला पिशवी हातात घेऊन दारोदार नकार ऐकावा लागणे अत्यंत क्लेशदायक आहे.

यावर उपाय म्हणजे आगाऊ दूरध्वनी करणे. आपले वय, एकटे असल्याचे आणि मुक्कामाचे दिवस स्पष्ट सांगावेत. नातेवाइकाचे नाव व क्रमांक लिहून द्यावा. शक्य असल्यास मुलाला वा मुलीला व्यवस्थापकाशी बोलावयास लावावे. खोली तळमजल्यावर आहे काय, कमोड आहे काय, सकाळी गरम पाणी मिळते काय, हे तीन प्रश्न भाडे विचारण्यापूर्वी विचारावेत. शासकीय विश्रामगृहांत अधिकाऱ्यांना अग्रक्रम असतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. रात्री खोलीची कडी लावावी, पण व्यवस्थापकाला "सकाळी आठपर्यंत खाली आलो नाही तर दार वाजवा" असे सांगून ठेवावे. या एका वाक्याने दोन्ही बाजूंची चिंता मिटते.

दिनक्रम

पहिल्या दिवशी कोठेही जाऊ नये. गावातून फेरफटका मारून चहाची टपरी, खानावळ, औषधांचे दुकान, जवळचा डॉक्टर आणि रिक्षाथांबा पाहून ठेवावा. सकाळचे फिरणे, न्याहारी, वर्तमानपत्र, दुपारची वामकुक्षी आणि सायंकाळी ग्रामदेवता रेणुकामातेच्या मंदिरात थोडा वेळ बसणे, असा क्रम दोन दिवसांतच अंगवळणी पडतो. रोज त्याच टपरीवर, त्याच खानावळीत जावे. तिसऱ्या दिवशी चहावाला "बाबा, कुठले तुम्ही?" असे विचारतो आणि चौथ्या दिवशी आपण आलो नाही तर त्याच्या लक्षात येते. परगावी याहून चांगली सुरक्षाव्यवस्था नाही.

वऱ्हाडी जेवण तिखट असते. ज्वारीची भाकरी, वरण आणि कमी तिखटाची भाजी सांगून मिळते. ठेचा व रस्सा बेतानेच घ्यावा. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर किंवा बिस्किटे ठेवावीत. बसस्थानकावरील स्वच्छतागृहांच्या भीतीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणेच टाळतात. त्यातून चक्कर येणे व मूत्रमार्गाचा संसर्ग हे त्रास उद्भवतात. पाणी कमी करण्यापेक्षा प्रवासाचे टप्पे लहान करावेत.

काय पाहावे?

तालुक्यातच साकेगाव आणि सातगाव भुसारी येथे प्राचीन हेमाडपंती मंदिरे आहेत. अमडापूरला बल्लाळी देवीचे स्थान आहे. मेहकरच्या वाटेवर हिवरा आश्रम लागतो. मेहकरला १८८८ साली सापडलेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती पाहावी. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. तेथील लखुजी जाधवांचा राजवाडा व समाधी सावकाश पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. देऊळगावराजाला बालाजीचे मंदिर आहे.

लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी विवरात उतरण्याचा हट्ट धरू नये. काठावरून दिसणारे दृश्य आणि गावातील दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम एवढ्यानेही दिवस सार्थकी लागतो. एका दिवशी एकच ठिकाण आणि एक दिवसाआड विश्रांती, हा नियम पाळावा.

ऋतू आणि गर्दी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, एप्रिल-मे टाळावा. १२ जानेवारीस सिंदखेडराजाला, होळीच्या सुमारास सैलानीला आणि प्रकटदिन व रामनवमीस शेगावला मोठी गर्दी असते. त्या दिवसांत बसमध्ये जागा आणि लॉजमध्ये खोली मिळणे दुरापास्त होते.

जवळ असावे असे

डॉक्टरांची चिठ्ठी, ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी औषधे, जादा चष्मा, विजेरी आणि हातातील काठी. रक्तगट, आजार, औषधे व नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेले कार्ड खिशात असावे. बेशुद्ध माणसाचा मोबाईल कुलूपबंद असतो, कार्ड बोलते. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. सत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड निघण्यापूर्वीच काढून घ्यावे आणि योजनेतील जवळचे रुग्णालय कोणते हे पाहून ठेवावे.

घरच्यांसाठी

मुलांनी दर तासाला दूरध्वनी करू नये. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक पुरे. ज्येष्ठांनीही ती वेळ चुकवू नये. वडीलधाऱ्यांना जपणे आणि त्यांना अडवून ठेवणे यांतील सीमारेषा पुसट असते. परगावच्या खोलीत स्वतःचा चहा स्वतः मागविणारा, बसची पाटी स्वतः वाचून चढणारा माणूस घरी परततो तेव्हा आपला निर्णय आपण घेऊ शकतो हा विश्वास सोबत घेऊन येतो. पुढील वर्षांत, प्रकृती साथ देईनाशी होईल तेव्हा, तोच त्याच्या सर्वांत जास्त उपयोगी पडतो.