सेब्राइट बँटम

रुपेरी किंवा सोनेरी पिसाला चहूबाजूंनी काळी, सारख्या जाडीची कोर असलेली इंग्लिश बुटकी कोंबडी. अमेरिकी मानकानुसार नर सुमारे 620 ग्रॅम, मादी 570 ग्रॅम. या जातीत मोठ्या चणीचा प्रकार नाही.

हर्टफर्डशरमधील बीचवूडचे जमीनदार सर जॉन सेब्राइट (1767–1846) यांनी ही जात घडवली. कोणत्या जातींच्या संकरातून, याविषयी एकमत नाही. नॅनकिन, हॅम्बर्ग व पोलिश ही नावे घेतली जातात. पैदाशीवरील त्यांची पुस्तिका 1809 ची. हवे ते पीस तीन वर्षांत काढून दाखवीन, डोके आणि चोच यांना मात्र सहा लागतील, हा कबुतरांविषयीचा त्यांचा दावा डार्विनने नोंदवला आहे.

सेब्राइट कोंबड्याला मानेची व शेपटीची लांब, टोकदार नरपिसे नसतात, पिसारा कोंबडीसारखाच. जनुकशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी अशा कोंबड्यांचे वृषण काढले, तेव्हा त्यांना नरपिसे फुटली (1919). त्वचेतील अ‍ॅरोमॅटेज हे विकर नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते, हे कारण पुढे उलगडले. कोर गोलसर टोकाच्या पिसावरच बंद होते, त्यामुळे जातीचे सारे रूप या विकरावर तोललेले आहे. अशा नरांची फलनक्षमता कमी असल्याची पैदासकारांची जुनी तक्रार आहे.

कोर किमान तीन जनुकांच्या मेळातून उमटते. रुपेरी रंगाचे जनुक मात्र वेगळे; ते झेड या लिंग-गुणसूत्रावर असते. रुपेरी कोंबडीला सोनेरी कोंबडा दिला की नरपिल्ले रुपेरी, मादीपिल्ले सोनेरी. अशा नरांत पिवळट झाक राहते, म्हणून शौकीन दोन्ही रंग वेगळे राखतात. पिसाच्या मध्यभागी काळी बुंदी, टोकाशी चंद्रकोरीसारखी जाड आणि बाजूंना पुसट झालेली कोर हे दोष. पिल्लाच्या पहिल्या पिसांवरून निवड करू नये. प्रौढ पिसे येईपर्यंत थांबावे. कडक उन्हाने रुपेरी पीस पिवळते.

पायांच्या रंगाचा धागा आपल्याकडच्या रानापर्यंत जातो. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर मलकापूरपलीकडे, आंबा घाटाच्या रानात करडा रानकोंबडा आहे. पाळीव कोंबडीची पिवळी कातडी याच प्रजातीकडून आली असावी, असे 2008 मध्ये स्वीडनमधील उप्सालाच्या संशोधकांनी दाखवले. सेब्राइटचे पाय मात्र पिवळे नसून निळसर करडे. तो वारसा तिच्यात दिसत नाही. 

रोग : मारेक रोगाला चटकन बळी पडते.

अंडी : लहान, पांढरी ते मलईरंगी, थोडीच.