कार्डाची मागची बाजू

सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमला जुनी माणसे अजूनही पार्क मैदान म्हणतात. तिथे संध्याकाळी चेंडूफळी खेळणाऱ्या मुलांना विचारले, की सोलापुरात वाढलेला कोणता मुलगा पुढे भारतीय क्रिकेट संघाचा कर्णधार झाला, तर किती जणांना सांगता येईल? उत्तर आहे पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर. १९४८ ते १९६२ या काळात ते ५९ कसोटी सामने खेळले. त्यांच्या ३६३१ धावा आणि १२ शतके, हे दोन्ही ते निवृत्त झाले तेव्हाचे भारतीय विक्रम होते. पुढे सुनील गावसकरांनी ते मागे टाकले.

या उम्रीगरांचे एक जुन्या धर्तीचे कार्ड वर्गात तयार करायचे, असे आपण ठरवू. पुढच्या बाजूला चित्र, मागच्या बाजूला माहिती. तळहातावर मावेल एवढा पुठ्ठ्याचा तुकडा. काम वरवर हस्तकलेच्या तासाचे वाटते. पण ते नीट करायचे म्हटले तर इतिहास, रसायन आणि गणित, तिन्ही तास खर्ची पडतात असे आमच्या लक्षात आले आहे.

पुठ्ठ्याचा तुकडा कुठून आला?

खेळाडूंची कार्डे मुळात खेळासाठी निघालीच नाहीत. एकोणिसाव्या शतकात सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात विकत. पाकीट खिशात दबे आणि सिगारेटी मोडत. म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवत. १८८०च्या दशकात अमेरिकेत बॉन्सॅक यांचे सिगारेट वळण्याचे यंत्र आले. ते दहा तासांत सुमारे १,२०,००० सिगारेटी वळू शके. माल एवढा वाढला, की तो खपवण्यासाठी जाहिरात करणे भाग पडले. कोऱ्या पुठ्ठ्यावर मग चित्रे आली: नट्या, पक्षी, सैनिक, राजे आणि खेळाडू. संच पूर्ण करायचा तर तीच सिगारेट पुन्हा घ्यायला हवी, असा हा हिशेब होता.

अमेरिकेत त्यातून बेसबॉलची कार्डे वाढली, तर इंग्लंडमध्ये क्रिकेटची. विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. इंग्लंडकडून खेळणारे आपले रणजितसिंहजीही अशा कार्डांवर झळकले. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० साली ब्रिटनमधील सिगारेटची कार्डे बंद पडली.

सोलापूरसारख्या कापडाच्या गावाला ही युक्ती परकी वाटायला नको. कापडाच्या ताग्यावर देवादिकांची, राजांची रंगीत लेबले चिकटवण्याची प्रथा आपल्याकडे होती. कापड वापरून फाटे, पण लेबल जपून ठेवले जाई. चित्र मालासाठी जन्मले आणि मालापेक्षा जास्त टिकले. कार्डाचेही तेच झाले.

सन १९५२

आपल्या कार्डासाठी कोणते वर्ष घ्यावे? आम्ही १९५२ सुचवतो, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण अमेरिकेतले. टॉप्स या च्युइंगगम विकणाऱ्या कंपनीने त्या वर्षी बेसबॉलच्या कार्डांचा एक मोठा संच काढला. कार्ड सुमारे ६७ मिलिमीटर रुंद आणि ९५ मिलिमीटर उंच होते. पुढे कृष्णधवल छायाचित्रावर रंग भरून केलेले चित्र, खाली खेळाडूची सही. मागे मात्र नेटकी माहिती होती: उंची, वजन, जन्मस्थान, गेल्या वर्षीची कामगिरी आणि आजवरची एकूण कामगिरी. आज ‘जुन्या धर्तीचे कार्ड’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हाच नमुना येतो. त्यातले मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

दुसरे कारण आपल्याकडचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. भारताचा तो पहिला कसोटी विजय. त्यात विनू मंकड यांनी १२ बळी घेतले, पंकज रॉय यांनी १११ धावा केल्या आणि उम्रीगर १३० धावांवर नाबाद राहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये उम्रीगरांचे काय झाले, ते आपण मागच्या बाजूवर आलो की पाहू.

पुढची बाजू: ठिपक्यांचा इतिहास

जुने चित्र जुने का दिसते? एक साधे भिंग घ्या आणि वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहा. सलग दिसणारे चित्र म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. ही हाफटोनची पद्धत. शाई एकाच काळेपणाची असते. ठिपका मोठा असेल तिथे डोळ्याला गडद दिसते, लहान असेल तिथे फिकट. रंगीत छपाईत निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत बसवतात. भिंगाखाली त्यांची बारीक फुलांसारखी नक्षी दिसते.

त्याआधीची पद्धत शिळाछापाची. १७९०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत सेनेफेल्डर यांनी ती शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर ती उभी आहे. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते, ओल्या जागेला नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. पुण्याच्या चित्रशाळेची आणि १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याची देवादिकांची चित्रे अशीच निघाली. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या सिगारेटच्या प्रसिद्ध बेसबॉल कार्डांची छपाईही शिळाछापाचीच. अशा चित्रात हाताने दिलेले ठिपके वेडेवाकडे पसरलेले असतात, त्यांच्या रांगा लागत नाहीत.

आता आजच्या इंकजेट छपाईचा नमुना भिंगाखाली धरा. अतिशय बारीक थेंबांचा सडा दिसेल. म्हणजे संगणकावर आपण कितीही जुने रंग निवडले, तरी ठिपके आपली जन्मतारीख सांगून टाकतात.

कागदाचे तसेच आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन शिल्लक राहते. उजेड आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे त्यात बदल होऊन पिवळी-तपकिरी द्रव्ये तयार होतात. कागदावर शाई फुटू नये म्हणून पूर्वी राळ आणि तुरटी वापरत. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो, सेल्युलोजच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात आणि कागद ठिसूळ होतो. आपण चहाच्या पाण्यात कार्ड बुडवले तर रंग तसाच येतो, पण साखळ्या तुटत नाहीत. चहाने कागद रंगतो, म्हातारा होत नाही.

जुने आणि जुन्यासारखे

इथे शिक्षकांनी थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. जुन्यासारखे दिसणारे कार्ड करणे हा छंद आहे. तेच जुने म्हणून विकणे ही फसवणूक आहे. दोन्हींत कात्री, डिंक आणि चहा तोच. फरक फक्त काय सांगितले जाते त्यात.

अमेरिकेच्या होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड सर्वांत दुर्मिळांपैकी एक मानतात. त्याने आपले चित्र छापू देण्यास नकार दिला, म्हणून छपाई थांबली. आज त्याच्या साठएक प्रती माहीत आहेत. त्यांतील सर्वांत नीटनेटकी म्हणून गाजलेली प्रत एवढी नीटनेटकी का, याचे उत्तर २०१३ साली न्यायालयात मिळाले. एका लिलावकाराने कबूल केले, की विकण्याआधी आपण तिच्या कडा कापून सरळ केल्या होत्या.

वर्गात करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. बाजारात नोटा तपासण्याचा अतिनील दिवा मिळतो. (त्याकडे थेट पाहू नये.) अंधारात तो आजच्या पांढऱ्या कागदावर धरला तर कागद निळसर चमकतो. धुण्याच्या पावडरीत असतात तशी शुभ्रता देणारी रसायने त्या कागदात घातलेली असतात. ती डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. धोबी नीळ घालून पिवळेपणा झाकत असे, त्याचीच ही पुढची पायरी. कागदात या रसायनांचा वापर दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. म्हणून १९१० सालचे म्हणवणारे कार्ड या दिव्याखाली झगझगीत चमकले, तर ते खोटे. पण ते चमकले नाही, तर खरे असे मात्र सिद्ध होत नाही. एवढा एक तर्क मुलांच्या मनात नीट ठसला, तरी दिव्याचे पैसे वसूल झाले!

मागची बाजू: आकडे

आमच्या पिढीला ‘सरासरी’ हा शब्द गणिताच्या तासाआधी ट्रम्प कार्डांनी शिकवला. सरासरी मोठी त्याचे कार्ड वरचढ, एवढेच आम्हाला कळे. ती कशी काढतात हे कोणी विचारत नसे.

उम्रीगर कसोटीत ९४ डाव खेळले आणि त्यांपैकी ८ वेळा नाबाद राहिले. म्हणजे ते ८६ वेळा बाद झाले. ३६३१ भागिले ८६, उत्तर ४२.२२. हा आकडा कार्डावर छापायचा. पण त्यात काय झाकले गेले?

आता १९५२ सालच्या इंग्लंड दौऱ्याकडे येऊ. फ्रेड ट्रूमन यांच्या वेगापुढे उम्रीगरांचे काही चालले नाही. चार कसोटींत, सात डावांत मिळून ४३ धावा, सरासरी ६.१४. हे सात डाव वगळून पाहा: ३५८८ भागिले ७९, म्हणजे ४५.४२. सात डावांनी चौदा वर्षांच्या सरासरीतून तीन धावा खाल्ल्या. पण त्याच दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मिळून त्यांनी दीड हजाराहून अधिक धावा केल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, वेस्ट इंडीजमधील कसोटी मालिकेत त्यांनी ५६० धावा केल्या. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढल्या. कसोटीतले ते भारताचे पहिले द्विशतक. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय एका डावात १०७ धावांत ५ बळी घेतले. तो सामना भारत हरला.

मग कार्डावर काय लिहायचे? जागा आहे चार ओळींची. मद्रास घ्याल तर इंग्लंड घ्यायचे की गाळायचे? मुलांचे दोन गट करून हा निर्णय त्यांनाच घेऊ द्या. आमचे मत विचाराल तर ४३ ही संख्या कार्डावर असावी. ती वाचल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या ५६० धावांची किंमत कळत नाही. थोर माणसांच्या चरित्रांतून पडझडीची पाने काढून टाकली की उरते ते पुढच्या बाजूचे चित्र.

एक ओळ: जन्मस्थान

शेवटची अडचण सर्वांत छोटी आहे आणि सोलापूरकरांना सर्वांत जवळची. जन्मतारीख २८ मार्च १९२६. जन्मस्थान? अनेक छापील संदर्भांत मुंबई आहे, काहींत सोलापूर. बालपण सोलापुरात गेले, वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता आणि उम्रीगर शाळेत असताना कुटुंब मुंबईला गेले, एवढे आपल्याला माहीत आहे.

सोलापूरच्या वर्गात बसून ‘सोलापूर’ लिहून टाकण्याचा मोह होणारच. पण गावाचा अभिमान म्हणजे पुरावा नव्हे. आणि ‘बहुतेक पुस्तकांत मुंबई आहे’ हाही पुरावा नव्हे, कारण पुस्तके एकमेकांवरून उतरवली जातात. दहा पुस्तकांनी एकाच पुस्तकावरून उतरवले असेल, तर साक्षीदार दहा नसून एकच असतो.

मग पुरावा कशाला म्हणायचे? नगरपालिकेची त्या वेळची जन्मनोंद. शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यात जन्मगावाचा रकाना असतो. माणसाने स्वतः कुठे सांगितले किंवा लिहिले असेल तर ते. यांपैकी घटनेच्या जितके जवळ, तितके वजनदार. आपल्या शाळेच्या कपाटातले जनरल रजिस्टर हे इतिहासाचे साधन आहे, हे मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही. तोवर कार्डावर ओळ अशी छापावी: ‘जन्मस्थान: सोलापूर, अन्य संदर्भांत मुंबई.’ ती थोडी लांब होते. होऊ द्यावी.

पुढच्या बाजूच्या चित्राबद्दल एक सूचना. आपल्याकडे २०१२ सालापर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहत; त्या वर्षी कायदा बदलला आणि आता ते छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. तेव्हा छायाचित्र कोणत्या वर्षीचे आणि कोणी काढलेले हे पाहून घ्यावे, किंवा मुलांकडूनच चित्र काढून घ्यावे. ते उम्रीगरांसारखे हुबेहूब दिसले नाही तरी चालेल.

आणि मागच्या बाजूला, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत पण शाईने, मुलांनी शाळेचे नाव आणि कार्ड तयार केल्याचे वर्ष लिहावे. चहाने रंगवलेले ते कार्ड आणखी पन्नास वर्षांनी खरोखरच जुने झालेले असेल. तेव्हा ते ज्याच्या हाती पडेल, त्याला आपण खोटे सांगितलेले नसावे.