उंदराच्या औषधापासून सासूबाईंच्या गोळीपर्यंत

मागच्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई मोरीत घसरल्या. वरून काहीच लागलं नव्हतं, पण संध्याकाळी मांडी काळीनिळी होऊन टम्म सुजली. रक्त पातळ होण्याची गोळी त्यांना चालू होती. त्यात शेजारणीने गुडघ्यासाठी दिलेली दुखण्याची गोळीही त्या चार दिवस घेत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "आयएनआर शेवटचा कधी तपासला?" मी गप्प. सातपूरच्या सगळ्या गटांचे हप्ते मला तोंडपाठ, पण घरातल्या गोळीचा हिशेब नाही! सासूबाई बऱ्या झाल्या. मग मी या गोळीची जन्मकथा शोधली.

साधारण १९२० नंतर कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गाई रक्तस्राव होऊन मरू लागल्या. शिंग कापल्याचं निमित्त, आणि रक्त थांबेचना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधलं: 'स्वीट क्लोव्हर' या गवताचा बुरसटलेला चारा. १९३३ मध्ये एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. त्यांच्या प्रयोगशाळेने चाऱ्यातलं ते द्रव्य १९४० पर्यंत वेगळं काढलं. त्यावरूनच वॉरफेरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते बाजारात आलं, ते उंदीर मारायला! १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका तरुणाने जीव द्यायला तेच खाल्लं, पण 'के' जीवनसत्त्व देऊन तो वाचला. याला उतारा आहे, हे त्यातून ठळक झालं. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं.

म्हणजे तेच द्रव्य, प्रमाणात दिलं तर औषध, जास्त झालं तर विष. खरं तर रक्त पातळ होत नाही, गुठळी व्हायला उशीर लागतो. म्हणून झडप बदललेल्यांना किंवा हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना ही गोळी लकव्यापासून वाचवते. वयस्करांचा तोल जातो, मूत्रपिंड मंदावतं, गोळ्या अनेक असतात, त्यामुळे त्यांना धोका जास्त.

तेव्हा एवढं सांभाळा. वॉरफेरिन किंवा त्याच जातीचं असेनोकुमेरॉल चालू असेल तर डॉक्टर सांगतील त्या तारखेला आयएनआर तपासा. नव्या गोळ्यांना ही तपासणी नेहमी लागत नाही, पण मूत्रपिंडाची लागते. मेथी-पालक बंद करू नका, प्रमाण रोज सारखं ठेवा. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. दुखण्याची गोळी किंवा काढा विचारल्याशिवाय नको. दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगा. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना गाठा, वरून जखम दिसो न दिसो. आणि घाबरून गोळी मनाने बंद करू नका. गुठळी तिथेच टपलेली असते.

सासूबाईंच्या गोळ्यांची वही आता आमच्या गटाच्या पासबुकाशेजारी असते. पुढच्या बैठकीला तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा. आपण सगळ्या मिळून वह्या लिहू.