कपाळाच्या कातडीचे नाक : पेशवाईतील एक शस्त्रक्रिया

मराठीत नाकाला जेवढा मान आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याही अवयवाला नाही. घराण्याचे नाक सांभाळावे लागते, चारचौघांत नाक कापले जाते, नाक मुठीत धरून कोणाच्या दारी जावे लागते. आज हे नुसते वाक्प्रचार उरले आहेत. अठराव्या शतकात मात्र शिक्षा म्हणून किंवा शत्रूचा अपमान म्हणून माणसाचे नाक खरोखरच कापत. जीव जात नसे, पण तोंड दाखवायला जागा उरत नसे. अशाच एका माणसाची ही हकीकत आहे. ती घडली पुण्यात, आणि तीही आपले पाटीलबावा महादजी शिंदे पुण्यात मुक्कामाला होते त्याच काळात.

टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्या मोहिमेत होत्या. इंग्रजांच्या लष्करात बैल हाकणारा एक गाडीवान होता. कागदोपत्री त्याचे नाव ‘कावसजी’ असे आले आहे. नाव पारशी वाटते, पण त्याच कागदात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

हा माणूस राजवैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार, एवढीच त्याची ओळख नोंदलेली आहे. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्याचे डॉक्टर थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी प्रत्यक्ष पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आले.

पद्धत अशी होती. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकावर बसवायचा आणि त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ काढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी तोडायची नाही. नंतर नाकाच्या जागेवरचा जुना, भरलेला वण खरवडून ताजा करायचा, कडेने चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. वरून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस हात लावायचा नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापायची.

या सगळ्यात खरी अक्कल त्या पट्टीत आहे. शरीरापासून पूर्ण तोडलेला कातडीचा एवढा जाड तुकडा रक्तावाचून मरतो. पट्टी जोडलेली असल्यामुळे कपाळाचे रक्त नव्या नाकाला मिळत राहते. पुढे नाकाच्या जागेवरून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, आणि मग पट्टीची गरज संपते. जुना वण खरवडण्यामागेही कारण आहे. भरून आलेली कातडी दुसऱ्या कातडीशी जुळत नाही. दोन्ही कडा ओल्या असाव्या लागतात. तोंडावरचा रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून जंतुनाशकांच्या आधीच्या त्या काळातही ही जखम भरत असे. नवे नाक जवळजवळ नैसर्गिक नाकासारखे दिसते आणि काही काळाने कपाळावरचा वणही फारसा जाणवत नाही, असे ते वर्णन सांगते.

हे ज्ञान आले कुठून? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक जोडण्याचा विधी आहे. त्यात झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी घ्यायला सांगितले आहे. श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात आणि वरून पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण टाकावे असेही आहे. पुण्याच्या कुंभाराने मात्र कातडी कपाळाची घेतली. म्हणजे पोथीतली विद्या हातांहातांतून जाताना कारागिरांनी ती सुधारून घेतली होती. जखमेच्या उपचारांचे साठ प्रकार सुश्रुत सांगतो. त्यांत जखम भरल्यानंतरचेही उपाय आहेत : त्या जागेचा रंग आसपासच्या कातडीशी मिळवायचा, तिथे पुन्हा केस उगवायचे. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखम. आपण मराठीत त्याचा ‘वण’ केला, आणि अर्थ झाला जखम गेल्यावर मागे राहिलेली खूण.

लंडनच्या त्या मजकुरावरून जोसेफ कार्प्यू या सर्जनचे कुतूहल जागे झाले. हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली, प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. १८१६ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले, आणि युरोपात ही पद्धत ‘इंडियन मेथड’ म्हणून रूढ झाली. पुढे त्याच शतकात आपल्या शेजारी इंदूरला रेसिडेन्सी सर्जन कीगन यांनी अशी अनेक नाके केली आणि या पद्धतीत सुधारणा सुचवणारे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध केले. कपाळाच्या कातडीचे नाक आजही जगभरच्या प्लास्टिक सर्जरीत केले जाते.

आता आपल्या ग्वाल्हेरचा धागा. महादजी जून १७९२ मध्ये पुण्यास आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारले. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले. त्याच वेल्सने महादजींचेही चित्र काढले आहे. महादजी स्वतः पानिपतच्या जखमेचे धनी होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या पळापळीत त्यांच्या पायावर वार बसला, राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवले, आणि पाय मात्र जन्मभर अधू राहिला. त्या अधू पायाने त्यांनी दिल्लीपर्यंत दौलत उभी केली, आणि राणेखानाला भाऊ मानून मोठे केले.

एक सरदार आणि एक गाडीवान, दोघांच्याही अंगावर युद्धाच्या खुणा होत्या. सरदाराच्या जखमेची बखरीत नोंद झाली, वाचवणाऱ्याचेही नाव राहिले. गाडीवानाचे नाव परक्यांनी लिहिले म्हणून उरले. ज्याने त्याला पुन्हा माणसांत आणले त्या कुंभाराचे नाव मात्र ना इंग्रजांनी विचारले, ना आपल्या लोकांनी लिहून ठेवले. पुण्याच्या दप्तरांत कोणाला किती पान-सुपारी दिली याचे हिशेब सापडतात, पण हा माणूस सापडत नाही. हातांनी काम करणाऱ्याची विद्या आपण विद्या मानली नाही, आणि ती त्याच्याबरोबर गेली. ती पुन्हा शिकायला आपल्याला इंग्रजी पुस्तके उघडावी लागली.

उत्सवाच्या दिवसांत गजाननाच्या मस्तकाची कथा निघते आणि प्राचीन शस्त्रक्रियेच्या गप्पा रंगतात. ती कथा श्रद्धेची आहे, तिला पुराव्याची गरज नाही. अभिमानच बाळगायचा तर पुण्याची ही हकीकत तारीखवार, साक्षीदारांसह कागदावर आहे. ती मुलांना जरूर सांगावी.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांतून आजही चेहऱ्यावरचा वण, विशेषतः मुलीच्या, लपवण्याची गोष्ट समजली जाते. भाजल्याच्या खुणा असलेली मुले समारंभात मागे उभी राहतात. जखमेचा वण पिकायला वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्या काळात खपली न काढणे, वण उन्हापासून जपणे आणि तो फुगू लागला तर वेळेवर सर्जनला दाखवणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा शाई न लावता वीस मिनिटे नळाखाली वाहते पाणी सोडावे. यापुढचे काम डॉक्टरांचे. पण त्या मुलाला पुढच्या रांगेत उभे करणे हे आपले काम आहे, आणि त्याला शस्त्रक्रिया लागत नाही.

यंदा मूर्ती आणायला कुंभाराच्या दारी जाल तेव्हा त्याच्या बोटांकडे जरा नीट पाहा. दोनशे तीस वर्षांपूर्वी अशाच बोटांनी एका मराठा गाडीवानाचे नाक राखले होते.

॥ मंगलमूर्ती मोरया ॥